बाईला कायम नवशिकी कशी ठेवावी : नव्या साईट सुपरवायझरसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

अभिनंदन! सिव्हिलचा डिप्लोमा झाला, नाशिकच्या गंगापूर रोडला बारा मजली इमारतीच्या कामावर सुपरवायझर म्हणून नोकरी लागली, डोक्यावर पांढरं हेल्मेट आलं. आनंदवल्लीपासून सोमेश्वरपर्यंत जिकडे पाहाल तिकडे क्रेन आणि हिरवी जाळी. त्यात सिंहस्थ तोंडावर, म्हणजे शहरभर कामांची घाई. स्लॅब कसा टाकायचा, ओळंबा कसा धरायचा हे कॉलेजात शिकवलं. साईटवर बायाही असतात आणि त्यांचं काय करायचं असतं, हे मात्र कुठल्याच सेमिस्टरला नव्हतं. ती उणीव भरून काढण्यासाठी हा प्रपंच.

बांधकामावर बाई नको, असं कुणीही म्हणत नाही, हे आधी ध्यानात घ्या. बाई हवीच. विटा, रेती, खडी, पाणी, झाडलोट तिच्याशिवाय होत नाही. आपलं उद्दिष्ट एवढंच, की जी बाई विसाव्या वर्षी बिगारी म्हणून गेटातून आत येते, ती पन्नासाव्या वर्षी बिगारी म्हणूनच गेटाबाहेर पडली पाहिजे. तीस वर्षं एखाद्याला नवशिकं ठेवणं हे येरागबाळ्याचं काम नाही. पुढच्या आठ पायऱ्या नीट पाळल्या तर जमेल.

लागणारं साहित्य

- हजेरीची वही, जिच्यात बाईचं नाव नवऱ्याच्या नावाखाली मावेल.
- सात नंबरपासून पुढचे सेफ्टी बूट. पाच नंबरचा जोड चुकूनही मागवू नये.
- कुलूप, एक. कशासाठी ते चौथ्या पायरीत येईल.
- पन्नासपर्यंत अचूक मोजणारा माणूस.
- गुलाबाची फुलं, वर्षातून एकदाच, ८ मार्चला. फोटो काढून झाल्यावर बायांना लगेच कामावर पाठवावं.

पायरी १ : भरती जोडीने करा

पेठ, सुरगाणा, हरसूलकडे पावसाचं एक भात-नागलीचं पीक निघालं की हाताला काम उरत नाही. मग माणसं नाशिकच्या दिशेने उतरतात. कुणी गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात उभं राहून द्राक्षबागेवर जातं, कुणी बांधकामावर येतं. मुकादमाला फक्त एवढंच विचारायचं, ‘‘जोड्या किती?’’ माणसं किती, हे विचारू नये. जोडी म्हणजे एक गडी आणि एक बाई. उचल गड्याच्या नावावर द्यावी, हजेरी गड्याच्या नावाखाली लावावी आणि बाजाराच्या दिवशी पगार मोजून गड्याच्याच हातावर ठेवावा. बाईने आठवडाभर किती घमेली वाहिली, याचा हिशेब त्या दोघांनी घरी बघावा. घर म्हणजे साईटच्या मागची पत्र्याची खोली.

याने एक मोठी सोय होते. बाई कामाला होती, याचा कागदोपत्री पुरावा राहत नाही. ही सोय आठव्या पायरीत फार उपयोगी पडते.

पायरी २ : भाव आधी ठरवा, काम नंतर

साईटवर तीन भाव चालतात : मिस्त्रीचा भाव, गड्याचा भाव आणि बाईचा भाव. पहिल्या दोघांचा भाव कामावरून ठरतो, तिसरीचा ती बाई आहे यावरून. समान कामाला समान वेतन द्या असं सांगणारा कायदा १९७६ सालीच आला आणि तोच नियम आता वेतन संहितेत आहे. म्हणून ‘बाईला कमी देतो’ असं कधी बोलू नये. ‘बाईचं काम हलकं असतं’ असं बोलावं.

हे हलकं काम जवळून बघून ठेवा, म्हणजे कुणी विचारलं तर गडबडणार नाही. गिलाव्याचं काम चालू आहे. बाईने साडीवरून पूर्ण बाह्यांचा पुरुषी शर्ट चढवलाय, पदर डोक्याला आवळून बांधलाय. रेती चाळून झाली की ती सिमेंटची गोणी फोडते, कोरडंच दोनदा वर-खाली करते, मध्ये खळगा करून पाणी सोडते. भिंत बाहेरची असेल तर सिमेंट जास्त, आतली असेल तर कमी, हे ती विचारत नाही, तिला माहीत असतं. फावड्यावरून माल कसा घसरतो ते बघून ती आणखी अर्धा तांब्या पाणी घालते किंवा हात आखडता घेते. वरून मिस्त्री ओरडतो, ‘‘माल पातळ झाला गं!’’ ती काही न बोलता दोन मुठी कोरडं सिमेंट भुरभुरते. मग चुंबळ नीट बसवून, घमेलं डोक्यावर घेऊन दोन जिने चढते. पडलेल्या गिलाव्याला जबाबदार कोण, तर ती. चिकटलेल्या गिलाव्याचं श्रेय कुणाला, तर मिस्त्रीला.

किंवा पाणी मारणं घ्या. काँक्रीटला किमान सात दिवस ओलं ठेवा, मिश्र सिमेंट असेल तर दहा, असं आपलं भारतीय मानकच सांगतं. स्लॅबची ताकद त्या ओलाव्यावर अवलंबून. तुम्ही २८ दिवसांनी क्यूब फोडून जी ताकद रजिस्टरात लिहिता, ती प्रत्यक्ष बांधकामात उतरते कुणामुळे? भर उन्हात पाइप घेऊन कॉलमच्या गोणपाटावर पाणी मारत फिरणाऱ्या बाईमुळे. या कामाला ‘अकुशल’ म्हणतात. म्हणताना चेहरा गंभीर ठेवावा.

पायरी ३ : थापी हाताच्या अंतरावर ठेवू नका

सगळ्या मार्गदर्शिकेचं मर्म या पायरीत आहे. पोरगा बिगारी म्हणून लागतो, तेव्हा त्यालाही काही येत नसतं. पण दुपारी जेवणानंतर मिस्त्री त्याला म्हणतो, ‘‘घे रे, तेवढा कोपरा भरून काढ.’’ पोरगा थापी घेतो, वाकडंतिकडं करतो, शिव्या खातो, पुन्हा करतो. दोन-तीन वर्षांत तो अर्धा मिस्त्री होतो, त्याचा भाव वाढतो. गवंडीकाम हे असंच शिकलं जातं, मधल्या सुट्टीत आणि कुणाच्या तरी मर्जीने.

बाई त्या मधल्या सुट्टीत कुठे असते? पोराला पाजायला गेलेली असते, चूल पेटवायला गेलेली असते, नाहीतर चौथ्या पायरीतल्या कामाला गेलेली असते. शिवाय तिला थापी दिली तर खाली माल कोण कालवणार? मिस्त्रीलाही ते नको असतं, तिच्या नवऱ्यालाही नको असतं. तुम्हाला काही करावंच लागत नाही, फक्त बघत राहायचं.

खबरदारी म्हणून दोन उदाहरणं माहीत असू द्या, कारण एखादी संस्था-बिंस्था ती तुमच्या तोंडावर फेकेल. झारखंडात शौचालयं बांधण्याच्या मोहिमेत खेडोपाडीच्या बायकांना गवंडीकाम शिकवलं. त्यांना तिथे ‘रानी मिस्त्री’ म्हणतात. तेवढं लांब कशाला, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण नीट होतंय की नाही, यावर त्या गावोगाव लक्ष ठेवत होत्या. म्हणजे शिकवलं तर बाई शिकते, हे तीस वर्षांपूर्वी मराठवाड्यात दिसून गेलं. गंगापूर रोडपर्यंत ही बातमी पोचू न देणं हे तुमचं काम.

पायरी ४ : कुलूप

आता कुलूप काढा. सॅम्पल फ्लॅटमध्ये दोन संडास असतात, इटालियन दिसणाऱ्या टाइल्स, भिंतीत लपवलेली टाकी, नळाला मऊ पाणी. त्याला कुलूप लावा. तो गिऱ्हाइकांसाठी आहे.

मजुरांसाठी मागच्या कुंपणाला लागून पत्र्याचा एक डबा उभा करावा. दाराला आतून कडी नसावी, आत पाण्याची टाकी असावी पण पाणी नसावं. बांधकाम कामगारांसाठीचा १९९६ चा कायदा पुरेशा शौचालयांची सोय करा म्हणत होता आणि त्याच्या जागी आलेल्या नव्या श्रमसंहितेत तर बायका-पुरुषांसाठी वेगळी सोय करा असंच म्हटलंय. तुमच्याकडे डबा एक आहे. त्यावर खडूने सकाळी ‘पुरुष’ लिहावं. ‘स्त्रिया’ लिहायला खडू उरला नाही, असं सांगता येतं.

पूर्वी इकडे मळे होते, आडोसा होता. आता नदीकाठापर्यंत प्लॉट पडले, प्रत्येकाला भिंत आली. म्हणून बाया पहाटे अंधार असताना जाऊन येतात आणि पुन्हा अंधार पडायची वाट बघतात. मधली सगळी वेळ त्या आठव्या-दहाव्या मजल्यावर असतात. खाली उतरून डब्याशी रांग लावून परत चढायला वेळ जातो आणि मुकादम सर्वांदेखत विचारतो, ‘‘कुठं गेल्ती गं एवढा वेळ?’’ हा प्रश्न दोनदा ऐकला की तिसऱ्या दिवसापासून बाई पाणी पिणंच सोडते. एप्रिलच्या उन्हात, दिवसभर दुसऱ्यांच्या भिंतींना पाणी मारताना. मग लघवीला जळजळ, ओटीपोटात कळ, अंगात ताप, दोन दिवस खाडा. खाडा झाला की वहीत लिहा : ‘बाया नियमित नसतात.’

पाळीच्या दिवसांबद्दल या मार्गदर्शिकेत काही नाही, कारण साईटच्या नियोजनातही काही नसतं.

पायरी ५ : पन्नासपर्यंत मोजा

१९९६ च्या कायद्याने सांगितलं होतं, की पन्नासहून अधिक बाया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी, हवेशीर हवी, स्वच्छ हवी, मुलं सांभाळायला शिकलेली बाई हवी. म्हणजे पन्नास बाया असल्या तर काहीच नको, एक्कावन्नावी आली की पाळणाघर. ही एक्कावन्नावी बाई गंगापूर रोडच्या इतिहासात कुणी पाहिलेली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि पन्नासच्या मोजणीत आता पुरुषही धरायचे आले. घाबरू नका. सेंट्रिंगचा ठेकेदार वेगळा, गिलाव्याचा वेगळा, फरशीचा वेगळा, रंगाचा वेगळा. प्रत्येकाकडे माणसं पन्नासच्या आत. ठेके पाडण्याची कला ज्याला आली, त्याला पाळणाघर कधी बांधावं लागत नाही.

मुलं कुठे असतात मग? सेंट्रिंगच्या दोन टेकूंना साडीची झोळी बांधलेली असते, तिच्यात धाकटं. थोरली सात वर्षांची पोर दोरी ओढत बसलेली. म्हणजे पाळणाघर आहेच, फक्त चालवणारीचं नाव शाळेच्या पटावरून गेलेलं असतं.

इथेही एक जुनं उदाहरण अडचणीत आणू शकतं. १९६९ साली दिल्लीत गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू असताना मीरा महादेवन यांनी मजुरांची पोरं धुळीत पडलेली बघितली आणि तिथेच एका तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ उभी राहिली, पुढे मुंबई-पुण्याच्या साईटांवरही हे काम पसरलं. एक तंबू, दोन बाया, दूध आणि पाटी-पेन्सिल. खर्च एवढाच असल्यामुळे ‘परवडत नाही’ म्हणताना आवाज जरा चढाच लावावा.

पायरी ६ : यंत्र आलं की बाईला घरी पाठवा

पूर्वी स्लॅब म्हणजे सोहळा होता. चाळीस-पन्नास माणसांची साखळी, घमेलं या हातातून त्या हातात, सकाळी सुरू झालेलं काम रात्री दिवे लावून संपायचं. साखळीत निम्म्याहून जास्त बायाच. आता रेडी मिक्सची गाडी येते, पंपाचा पाइप वर जातो आणि आठ-दहा माणसांत स्लॅब पडतो. डोक्यावरचं ओझं गेलं हे चांगलंच झालं. पण त्या ओझ्याबरोबर मजुरीही गेली आणि पंपाचा रिमोट कुणाच्या हातात आला, ते बघा. पंप, होइस्ट, व्हायब्रेटर, कटर यांतल्या कशालाही डोक्याची ताकद लागते, मानेची नाही. बटण दाबायला बाई चालली असती, म्हणून ते तिला शिकवायचं नाही.

कुणी विचारलंच तर म्हणावं, ‘‘बाईमाणसाला मशीनची भीती वाटते.’’ तिच्या खोलीत ती मोबाइलवरून पैसे पाठवते, गावच्या पोराशी व्हिडिओवर बोलते, हे बघायला कोणी येत नाही.

पायरी ७ : ‘मॅडम’ला खुर्ची द्या

बिगारी बाईला वर चढू न देणं सोपं आहे. शिकून आलेल्या बाईचं काय करायचं? याच रस्त्यावर मराठा विद्या प्रसारक समाजाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथून सिव्हिलची मुलगी ट्रेनी म्हणून आली, तर तिच्याशी अत्यंत अदबीने वागावं. अदब हेच हत्यार. ‘‘मॅडम, तुम्ही कशाला ऊन खाता, हापिसात बसा ना.’’ तिला बिलं तपासायला द्या, सळईचं वेळापत्रक करायला द्या, एक्सेलच्या शीटा द्या. ती स्लॅबच्या आदल्या रात्री सळई तपासायला थांबते म्हणाली, तर ‘‘घरचे काय म्हणतील?’’ असं तिच्या घरच्यांच्या आधी तुम्हीच म्हणा. तीन वर्षांनी प्रोजेक्ट मॅनेजरची जागा निघाली की एकच वाक्य पुरतं : ‘‘मॅडम हुशार आहेत, पण साईटचा अनुभव नाही.’’

सावध राहावं ते शकुंतला भगत या नावापासून. पूल बांधणाऱ्या एस. बी. जोशींची ही मुलगी १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाली. देशातल्या अगदी पहिल्या महिला स्थापत्य अभियंत्यांपैकी ती एक. १९७० मध्ये नवऱ्याबरोबर तिने ‘क्वाड्रिकॉन’ ही कंपनी काढली, ठरावीक सुटे भाग जुळवून पूल उभे करण्याची पद्धत बसवली आणि १९७२ मध्ये हिमाचलात स्पितीला पहिला पूल उभा केला. आपल्याकडच्या ट्रेनी मॅडमने हे वाचलं, तर खुर्चीत बसणं तिला जड जाईल. म्हणून हापिसात फक्त कॅलेंडर ठेवा.

पायरी ८ : कागद

शेवटची पायरी सर्वांत सुबक आहे. महापालिकेकडून बांधकाम परवानगी घेताना बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार उपकर भरावा लागतो. दहा कोटींच्या बांधकामावर दहा लाख. हे पैसे राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जातात. त्यातून बाळंतपणाला मदत, मुलांना शिष्यवृत्ती, अपघातात वारसांना पैसे, झालंच तर तो प्रसिद्ध भांड्यांचा संच. म्हणजे या बाईसाठीचे पैसे इमारतीचा पाया खणायच्या आधीच भरले गेलेत.

ते घ्यायला तिने फक्त नोंदणी करायची. वय १८ ते ६० आणि गेल्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. दाखला सहसा कोण देतो? ठेकेदार. ठेकेदाराकडे तिचं नाव आहे का? पहिली पायरी आठवा. ती गड्याच्या नावाखाली आहे. तीस वर्षं विटा वाहिलेल्या बाईला नव्वद दिवस सिद्ध करता येत नाहीत, असं गणित कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही या पायरीत येतो. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे तक्रार समिती हवी आणि त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते. सूचनाफलक इंग्रजीत छापून एसी केबिनमध्ये, मॅनेजरच्या खुर्चीमागे लावावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*बायांना हेल्मेट द्यावं का?* द्यावं, पण विचार करा. जिच्या डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर घमेलं, तिने हेल्मेट कुठे घालायचं? डोकं एकच असतं. ओझ्याचं काम काढून घेतल्याशिवाय हे कोडं सुटत नाही, म्हणून हेल्मेटं खिळ्याला टांगून ठेवावीत. तपासणीच्या दिवशी बायांना ओझ्याविना उभं करावं.

*बाई उंचावर काम करू शकत नाही, हे खरं आहे का?* कठडा नसलेल्या जिन्याने घमेलं घेऊन ती दहाव्या मजल्यावर जाते, दिवसातून कितीदा तरी. ते उंचावरचं काम नाही. परांचीवर उभं राहून थापी मारणं हे उंचावरचं काम आहे, त्यात फार जोखीम असते आणि पैसेही जास्त असतात.

*एखादी बाई म्हणालीच, ‘‘साहेब, मला गिलावा येतो’’, तर?* हसावं. सगळ्यांनी मिळून हसावं. पुन्हा विचारत नाही.

एकमेव धोका

या पद्धतीला मुकादमाकडून धोका नाही, मिस्त्रीकडून नाही, बायांकडून तर नाहीच, कारण उद्याची हजेरी तुमच्या हातात आहे. धोका आहे तो रविवारी सकाळी सॅम्पल फ्लॅट बघायला येणाऱ्या जोडप्याकडून. ते कार्पेट एरिया विचारतात, पार्किंग विचारतात, पाणी महापालिकेचं की टँकरचं ते विचारतात, महारेराचा नंबर मागतात आणि भिंतीवर टकटक करून बघतात. इथवर ठीक आहे. पण त्यांनी आणखी तीन गोष्टी विचारल्या तर ही सगळी मार्गदर्शिका फुकट जाईल : इथे काम करणाऱ्या बायकांचं शौचालय कुठे आहे, दाखवा. त्यांची मजुरी कुणाच्या हातात देता? आणि या बायांपैकी मंडळाचं कार्ड किती जणींकडे आहे?

बुकिंगचा चेक खिशात असलेल्या माणसाला ‘तुम्हाला काय करायचंय’ असं विचारायची सोय नसते, मालकाला उत्तर द्यावंच लागतं. दोन रविवार लागोपाठ हेच तीन प्रश्न आले, तर तिसऱ्या सोमवारी डब्याला कडी लागेल. तेव्हा विचारायला पैसे पडत नाहीत, एवढं मात्र गिऱ्हाइकांना कळू देऊ नका.